बाटलीतली मेंढरं

माझा थोरला भाऊ मेंढ्या राखतो. चुलत्यांनी त्याच राखल्या आणि आजोबांचं तर सगळं आयुष्य मेंढरांच्या मागं चालण्यात गेलं. मी जालन्यात, जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तिथं मीही एका अर्थानं मेंढ्याच पाळतो, पण त्या नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. मेंढीच्या अंगातल्या पेशी चपट्या बाटलीत जिवंत ठेवायच्या, त्यांना वेळच्या वेळी खाऊ घालायचं आणि बाटली भरली की त्यांना दुसऱ्या बाटलीत हलवायचं, हे माझं काम. अठरा वर्षं झाली, पण घरातल्या एकाही माणसाला ते नीट समजावून सांगणं मला जमलेलं नाही.

एकदा मोठ्या हौसेनं भावाला प्रयोगशाळेत नेलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यानं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी कौतुकाचं बोलेल. तो मान वर करून म्हणाला, "ह्यांना राखायला कुत्रं लागतं का रे?"

तेव्हापासून हसनाबादला आमच्या गावाकडे गेलो, की लोक माझ्या तब्येतीआधी बाटलीतल्या मेंढरांची तब्येत विचारतात.

पुढची गोष्ट मी घरात बऱ्याचदा सांगितली आहे. दर वेळी सांगताना माझी चूक थोडी थोडी लहान होत गेली, असं बायकोचं म्हणणं आहे. म्हणून या वेळी लिहून काढतोय. लिहिलेलं ती तपासणार आहे.

आमच्याकडे एक मॅडम संशोधनासाठी आल्या. अंबड तालुक्यातल्या शेतकरी घरातली मुलगी, जनावरांची डॉक्टर, वयानं माझ्या पुतणीएवढी. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते. लिहिताना मात्र मी 'ती' म्हणणार आहे, कारण मनातल्या मनात मी तेच म्हणतो. मेंढ्यांना देवी येतात, अंगभर फोड उठतात आणि कोकरं पटापट मरतात. त्या रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवायचा तर त्याला जिवंत पेशी लागतात, आणि त्या आम्ही लांबून, गोठवलेल्या स्थितीत मागवायचो. तिचं म्हणणं असं होतं, की आपल्या भागातल्या काळ्या दख्खनी मेंढीच्याच पेशी आपण का तयार करू नयेत?

तिला दहा पॅसेज पूर्ण करून दाखवायचे होते. बाटलीचा तळ पेशींनी भरला, की त्यांना सोडवून नव्या बाटल्यांत वाटायचं, याला पॅसेज म्हणतात. कांद्याचं रोप उपटून वाफ्यात लावावं, तसाच प्रकार. दर आठवड्याला एक, असे दहा. जूनअखेर समिती येणार होती. तोवर पेशी दहा पॅसेज टिकल्या, तर तिच्या कामाला पुढची दोन वर्षं मिळणार. नाही टिकल्या, तर काम बंद आणि तिनं परत दवाखान्यात जायचं.

"दवाखाना वाईट नाही, काका," ती मला एकदा म्हणाली होती. "पण तिथं कोकरं मेल्यावर बोलावतात. मला त्याच्या आधी काहीतरी करायचंय."

अशा कामाला लहान नर कोकराच्या वृषणातल्या पेशी चांगल्या वाढतात. आता ही मागणी घरच्या माणसाकडं करायची म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी भावाला फोन लावला.

"दादा, एक नर कोकरू पाहिजे होतं. म्हणजे कोकरू नको. त्याचं..."

"त्याचं काय?"

मी सांगितलं. 

"आरं, येवढं शिकला," भाऊ म्हणाला, "अन् हे मागून राह्यला?"

पण त्याला दोन कोकरं तशीही खच्ची करायची होती, त्यामुळं तो तयार झाला. होळीच्या सुमाराला मी आणि मॅडम मोटरसायकलवर हसनाबादला गेलो. तिनं सुईनं जागा बधिर केली, काम केलं, टाके घातले. दोन्ही कोकरं उठून आपापल्या आईकडं गेली. माल बर्फाच्या डब्यात ठेवून आम्ही निघालो. वाटेत चहाला थांबलो, तर टपरीवाल्यानं डब्याकडं पाहून विचारलं, "कुल्फी हाये का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "न्हाई मामा, औषध हाये." आणि मला हळूच म्हणाली, "काका, प्रत्येक ठिकाणी खरं सांगायलाच पाहिजे असं काही नाही." हे वाक्य मी नंतर चुकीच्या ठिकाणी वापरलं.

प्रयोगशाळेत आल्यावर ते मांस कात्रीनं अगदी बारीक कापायचं, ट्रिप्सिन नावाच्या पाचक रसात ढवळत ठेवायचं, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. मग मलमलीच्या कापडातून गाळायचं आणि बाटलीत भरायचं. वर खाऊ म्हणून लालसर मीडियम घालायचं, त्यात वासराच्या रक्तातलं सीरम. मग इनक्युबेटरमध्ये, अंगाच्या उबेइतक्या उबेत, बाटल्या आडव्या ठेवायच्या. पेशी जिवंत असतील तर दुसऱ्या दिवशी तळाला चिकटतात. आम्ही त्याला 'बसल्या' म्हणतो.

बसल्या. तिनं आनंदानं टाळी वाजवली आणि लगेच इकडंतिकडं पाहिलं.

आता माझ्या गर्वाविषयी. या कामातला खरा शत्रू म्हणजे बाहेरचा जंतू. आपल्या हातावर, केसांत, श्वासात तो असतो. बाटलीत एक जरी शिरला तरी पेशींसाठी घातलेला खाऊ तोच खातो आणि दोन दिवसांत सगळं नासून जातं. अठरा वर्षांत माझ्या हातून एकही बाटली नासली नव्हती. ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे. फक्त रोज सुचवत असे. शिपायाला अगरबत्ती लावू देत नसे. सर, म्हणजे आमचे प्रमुख, एकदा खोलीत केळं घेऊन आले, तर मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आणि मॅडमचं नुकतंच लग्न झालेलं, हातात हिरव्या बांगड्या. निर्जंतुक हवेच्या काचपेटीला आम्ही हूड म्हणतो. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "मॅडम, हूडमध्ये हात घालायचा तर मनगटावर काही चालत नाही." तिनं क्षणभर बांगड्यांकडं पाहिलं. मग साबण लावून एक एक उतरवली, काचेच्या बशीत ठेवली आणि बशी ड्रॉवरमध्ये. रोज सकाळी उतरवायची, संध्याकाळी घालायची.

माझ्या उजव्या मनगटावर काळ्या लोकरीचा दोरा होता. आमच्याच मेंढीची लोकर, आईनं पिळलेला आणि देवाच्या जत्रेत बांधलेला. तो मी हातमोज्याच्या आत सरकवत असे. देवाचा दोरा मनगटावरच्या वस्तूंत मोडतो, असं मला कधी वाटलंच नाही.

पाडवा झाला. भावाचा कळप चराईला बाहेर पडला, अंबडकडं, गोदावरीच्या अंगानं. एप्रिल अर्धा सरला तेव्हा आमचा चौथा पॅसेज झाला होता. आठ बाटल्या भरत आल्या होत्या. काही पेशी गोठवून ठेवल्या, की पुढं काही झालं तरी पुन्हा सुरुवात करता येते; पण द्रव नायट्रोजनचा डबा रिकामा होता आणि तो मंगळवारी भरून येणार होता. शनिवारी मॅडमला गावाकडं घरच्या कार्याला जायचं होतं. जायच्या आधी तिनं नवं मीडियम तयार केलं, सीरम स्वतः गाळून घातलं, दोन बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. बुरशीचं औषध तिनं त्यात मुद्दाम घातलं नव्हतं, कारण त्यानं पेशी मंदावतात.

"काका, उद्या तेवढा खाऊ बदलाल ना?"

"तुम्ही बिलकुल काळजी करू नका," मी म्हणालो. वर हेही म्हणालो, "अठरा वर्षं झाली."

रविवारी आमच्या घरी कुरडईचा गहू निघाला. तीन दिवस भिजवलेला, फुगलेला, आंबलेला. झाकण उघडलं की मस्तगडच्या आमच्या गल्लीत चार घरांपर्यंत वास जातो. तो वाटायचा, पाण्यात चोळायचा, चोथा पिळून काढायचा, आणि खाली पांढरा दाट चीक राहतो. पिळायला मनगटात जोर लागतो, म्हणून दरवर्षी हे काम माझ्याकडं असतं. मी कोपरापर्यंत हात घालून दोन तास पिळलं. बायको म्हणत होती, "अजून निघंल, अजून निघंल, हाफिसात साहेबांचं ऐकता तसं जरा चोथ्याचंबी ऐका." मी पिळत होतो. लोकरीचा दोरा पाणी पीत होता.

दुपारी साबणानं हात धुतले. अंघोळ केली नाही, कारण चोथा कपड्यांवर उडाला नव्हता आणि मला जल्दी होती. प्रयोगशाळेत जाऊन कोट घातला, हातांवर स्पिरिट मारलं, मोजे चढवले, दोरा आत सरकवला. हूडमध्ये बसून एकाच मीडियमच्या बाटलीतून, एकाच पिपेटनं, म्हणजे काचेच्या शोषनळीनं, आठही बाटल्यांना खाऊ घातला. काम इतकं सफाईनं झालं, की कुणी बघायला नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा ती इनक्युबेटरसमोर उभी होती. हातात एक बाटली उजेडाकडं धरलेली. लाल काचेसारखं दिसणारं मीडियम गढूळ झालं होतं.

"आठही," ती म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर गोल गोल कण पसरले होते, एकाला एक अंकुर फुटलेले, मण्यांच्या तुटक माळांसारखे. यीस्ट. ज्यानं पीठ आंबतं, तेच.

सर आले, पाहिलं, म्हणाले, "टाकून द्या. कारण शोधा." मग माझ्याकडं वळून, "तुमच्या हातून तर व्हायचं नाही." मी काही बोललो नाही. बोलायचं टाळलं असं तेव्हा वाटत नव्हतं. सर म्हणाले त्यात मला काही चूक दिसली नाही, एवढंच.

रविवारी मी वापरलेल्या मीडियमची उरलेली बाटली तिनं फ्रिजमधून काढली. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यातही तेच कण. ती खुर्चीवर बसली. "म्हणजे माझंच," ती म्हणाली. "सीरम मी गाळलं. फिल्टर नीट बसला नसणार. घाई होती मला गावाला जायची." सोबतची दुसरी, न उघडलेली बाटली तिनं तपासणीसाठी इनक्युबेटरमध्ये ठेवली. दोन दिवसांत तीही गढूळ झाली, की चूक तिची हे पक्कं.

नासलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, उकळून टाकायचं काम माझं. एकीचं झाकण नीट बसलं नव्हतं, म्हणून मी ते उघडून पुन्हा बसवायला गेलो. हुंगायचं नसतं, पण वास नाकात आला. आंबूस, ओलसर, गव्हाचा. मी त्या कोंदट खोलीत उभा होतो आणि मला आमच्या घरातलं पातेलं दिसत होतं.

मनगटावर दोरा मोज्याच्या कडेतून बाहेर सरकला होता; मोजा काढून मी तो नाकाशी नेला. पुढं काही तपासायची गरज नव्हती.

इथं खरं लिहितो, कारण बायको वाचणार आहे. मी झाकण बसवलं, यंत्र सुरू केलं आणि दिवसभर काही बोललो नाही. ती टेबलाशी बसून वहीची पानं उलटत होती, प्रत्येक पायरी तपासत होती आणि स्वतःलाच प्रश्न विचारत होती. मी तिला चहा आणून दिला. इनक्युबेटर उघडून ती दुसरी बाटली मी दोनदा पाहिली. ती गढूळ व्हावी, असं मला वाटत होतं. एका माणसानं दुसऱ्याचं वाईट चिंतावं, तसं मी एका बाटलीचं चिंतत होतो.

संध्याकाळी घरी गच्चीवर कुरडया वाळत होत्या. प्लास्टिकवर पांढऱ्या जाळीदार चकत्यांच्या रांगा. बायको त्या उलटवत होती. मी काही न बोलता शेजारी बसलो. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसाला एवढं पुरतं.

"काय झालं?"

"तुझ्या कुरडयांनी घोटाळा केला."

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी कुरडई चालून गेल्ती का तुमच्या हाफिसात?"

"तसं नाही..."

"का तुम्ही गेल्ता? आंघोळ न करता?"

"गेलो होतो."

"अन् ती पोरगी काय म्हणून राह्यली?"

"स्वतःची चूक समजतेय."

बायकोनं हातातली कुरडई खाली ठेवली. "मंग तुम्ही इथं काय करून राह्यले?"

"आता प्रयोगशाळा बंद झाली असेल."

"उद्या उघडंल," ती म्हणाली आणि पुन्हा कुरडया उलटवायला लागली. त्या संध्याकाळी मला कुरडई चाखायलाही मिळाली नाही.

बुधवारी मी लवकर पोचलो, पण ती माझ्या आधी आली होती. सरांना द्यायचं पत्र लिहीत होती, माझ्या निष्काळजीपणामुळे, असं सुरू होणारं. मी उभ्यानंच बोललो. गहू, चोथा, पाणी, दोरा. वासाचं सांगितलं. काल दुपारीच कळलं होतं, हेही सांगितलं. ते सर्वांत अवघड गेलं.

तिनं पेनाला टोपण लावलं. मग माझ्या मनगटाकडं पाहिलं.

"मला बांगड्या उतरवायला लावल्या तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आणि काल दिवसभर मी फिल्टर तपासत बसले होते. तुम्ही चहा आणून देत होता."

"हो."

"दोरा काढा."

आईनं बांधलेला आहे, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. गाठ सोडवून दोरा पुढं केला. मला वाटलं ती फेकून देईल. तिनं निर्जंतुक कात्रीनं त्याचा नखाएवढा तुकडा कापला, स्वच्छ मीडियमच्या नळीत टाकला, नळीवर माझं पद आणि तारीख लिहिली आणि इनक्युबेटरमध्ये ठेवली. बाकीचा दोरा मला परत दिला. माझी कबुली तिला पुरेशी नव्हती. तिला पुरावा हवा होता. अठरा वर्षांत माझ्यावर झालेला तो पहिला प्रयोग.

गुरुवारी सकाळी नळी गढूळ होती. तेच मणी. तिची दुसरी बाटली आरशासारखी लख्ख. तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून सरांना दाखवल्या आणि मी सरांना पुन्हा एकदा सगळं सांगितलं. सरांनी नळी उजेडाकडं धरली. म्हणाले, "मला केळं घेऊन आत येऊ दिलं नव्हतं तुम्ही." मग कॅलेंडर काढलं. आजच्या आज पुन्हा सुरुवात झाली, तर जूनअखेर दहा पॅसेज जेमतेम बसत होते. एकही आठवडा वाया घालवायला नव्हता. आणि त्यासाठी नर कोकरू पाहिजे.

मी फोन लावला. भावाचा कळप अंबड तालुक्यात होता. बर्फाचा डबा घेऊन आम्ही निघालो. वाटेत मॅडम माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अंतरवाली सराटीच्या चौकात चहावाल्याला विचारलं, तेव्हा कळलं की मेंढ्या पलीकडच्या शिवारात बसवल्यात. कापूस उपटलेल्या एका रानात, वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून, सगळा कळप होता. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, भावाला धान्य. भाऊ लिंबाखाली बसला होता आणि वहिनी भाकरी थापत होती.

"नर कोकरं?" भाऊ म्हणाला. "समदी इकली पाडव्याआधी. येकच हाय, अन् ते ठेवणीतलं. पुढं त्योच मेंढा व्हणार हाये कळपाचा. त्याला हात लावू देत न्हाई मी." मग डोळे बारीक करून म्हणाला, "गेल्या टायमाला तं दोन दिल्ती. त्याचं काय केलं?"

मॅडमनं माझ्याकडं पाहिलं. चौथ्यांदा सांगायची पाळी आली. मी सांगितलं.

भाऊ मग मांडीवर थाप मारून असा हसला, की दोन मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. "ऐकलं का गं," तो वहिनीला म्हणाला, "ह्यानं कुरडई खाऊ घालून समदी मेंढरं मारली!"

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली. "चिकाचे हात धुतले नव्हते का भाऊजी?"

"धुतले होते, वहिनी."

"मंग दोरा?"

मी मोकळं मनगट बाहीत ओढलं.

"आम्ही तं चिकाच्या दिवशी दह्याच्या गाडग्याला हात लावू देत न्हाई कुनाला," वहिनी म्हणाली. "सासूबाईंनीच तं शिकिवलं. तुमी चुलीकडं येतच नव्हता, तुम्हाला कसं ठावं ऱ्हाईल?"

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग उठून ती कळपात गेली, त्या ठेवणीतल्या कोकरापाशी उकिडवी बसली, त्याचा पाय, पोट, डोळे पाहिले आणि परत आली.

"दादा," ती भावाला म्हणाली, "मी एकच घेते. दुसरं तसंच राहू द्या. एकावरसुद्धा मेंढा चांगला चालतो, कोकरं होतात."

"अन् कळपात त्यानं तोंड कसं दाखवायचं?"

"तोंडाला काही करणार नाही मी."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. भावाला मात्र आता हसू येत नव्हतं. तो खरंच विचारत होता. "अन् ताई, न्हाई झाली कोकरं तं?"

तिनं कोकराकडं एकदा पाहिलं. "तर मी इथं येऊन, माझं चुकलं म्हणून तुम्हाला सांगीन. त्याच दिवशी."

भावानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ह्याला येक दिस लागला," तो म्हणाला. आणि वाघर उचलून कोकरू धरायला आत गेला.

परतल्यावर कात्री, ट्रिप्सिन, मलमल, सगळं पुन्हा. या वेळी मात्र मी दाराबाहेर होतो. तिनं तसं सांगितलं नव्हतं. फक्त माझी खुर्ची हूडसमोरून हलवून भांडी धुण्याच्या खोलीत ठेवली होती. मी बाटल्या धुतल्या, पिपेट उकळले, आणि अंगभर अंघोळ करून येत राहिलो, कुणी विचारत नसतानाही. पेशी बसल्या. सातव्या दिवशी तळ भरला. पहिला पॅसेज, दुसरा, तिसरा. चौथ्यानंतर तिनं लगेच सहा कुप्या गोठवल्या. रविवारी ती स्वतः यायची. गावाकडं दोनदा बोलावणं आलं, गेली नाही. मधून मधून भावाकडं जाऊन जखम बघून यायची आणि वहिनीनं दिलेलं दही घेऊन यायची, ते मात्र दाराबाहेरच खायचं.

तिनं माझ्याशी बोलणं हळूहळू सुरू केलं. आधी कामाचं. मग एकदा म्हणाली, "काका, तुमच्याकडे चिकाचा गहू किती दिवस भिजवतात?" मी तीन म्हणालो. "आमच्याकडे चार," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही आमच्याकडे जन्मला नाहीत." हे बोलणंच समजायचं.

जूनमध्ये समितीला चार दिवस उरले असताना दहावा पॅसेज आला. मी बाहेर बाटल्या पुसत होतो. ती दारात आली.

"काका, आत या."

मी गेलो. तिनं कोट दिला, माझे दोन्ही हात पुढं करायला लावले, पालथे, उताणे, कोपरापर्यंत पाहिले. शाळेत नखं तपासायचे तसं. मग म्हणाली, "बसा. मी नोंदी घेते."

मी बसलो. जुनं मीडियम काढलं, पेशी धुतल्या, ट्रिप्सिन घातलं, बाटली हलकेच हलवली. तळाशी चिकटलेला पातळ पडदा सुटून ढगासारखा वर आला. नव्या बाटल्यांत वाटून घातला. प्रत्येक बाटलीला वेगळा पिपेट. एवढं साधं काम करताना मी इतका घामाघूम कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आधी पाहिलं. बराच वेळ. मग स्टूलवरून उठली आणि जागा मला दिली. तळावर पेशी लांबट, पसरून, एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत दुसरं काही नव्हतं.

"बसल्या," मी म्हणालो.

"बसल्या," ती म्हणाली. वहीत दहाचा आकडा तिनं लिहिला आणि 'काम करणारा' या रकान्यात सही करायला पेन माझ्याकडं दिलं.

समितीनं सगळी वही पाहिली, आठ बाटल्यांचं ते पानही. त्यावर कारण तिनं सरळ लिहिलं होतं: तंत्रज्ञाच्या मनगटावरचा दोरा. मी उभा राहिलो आणि पाचव्यांदा सांगितलं. आता मला ते बऱ्यापैकी सांगता येत होतं. समितीतल्या बाई, पांढऱ्या केसांच्या, चष्मा काढून म्हणाल्या, "तरी मी म्हणते, उन्हाळ्यात आमच्याकडे बाटल्या जास्त का नासतात." मग त्यांनी खाली काहीतरी लिहून घेतलं.

तिला दोन वर्षं मिळाली. पत्र आलं त्या दिवशी तिनं सर्वांत आधी माझ्या भावाला फोन लावला.